जरबेऱ्याला बाहेरची हवा

काचेच्या बाटलीचं झाकण उघडायला हिंमत लागते, असं काकांना आधी कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ती बाटली टेबलावर येऊन बसली आणि काका तिच्यासमोर खुर्ची ओढून नुसते बघत राहिले. आत पारदर्शक जेलीच्या थरावर बोटाच्या पेराएवढी डझनभर हिरवी रोपं उभी होती. जरबेऱ्याची, असं ठकी म्हणाली होती. तिने कोथिंबिरीची म्हटलं असतं तरी काकांनी मान डोलावली असती.

ठकी म्हणजे काकांची पुतणी. तिचं खरं नाव चांगलं ऐटदार आहे, पण शाळेतले मास्तर सोडले तर ते कोणी वापरलं नाही. काका आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच घरात राहायचे. काकांनी लग्न केलं नाही. का केलं नाही याची चौकशी करणारे आता थकलेत. मग भावाची बदली झाली. भाऊ, भावजय आणि ठकी लांबच्या शहरात गेली आणि तीन खोल्यांत काका उरले. ठकी ‘काका’ म्हणायची म्हणून सगळी इमारत त्यांना काका म्हणायला लागली होती. तळमजल्यावरचे ऐंशीच्या घरातले आजोबासुद्धा ‘काय काका, बरंय ना?’ असं विचारायचे. ठकी गेली, हाक तेवढी मागे राहिली.

तर ही ठकी आता एका प्रयोगशाळेत कामाला लागली होती. तिथे म्हणे झाडाचा नखाएवढा तुकडा घेऊन त्याची बाटलीत शेकडो रोपं करतात. कुठल्याशा कामासाठी ती एका दुपारी या गावात आली, धूमकेतूसारखी घरात शिरली, उभ्या उभ्या चहा प्यायली आणि बाटली टेबलावर ठेवून म्हणाली, “काका, ही पोरं सांभाळ. लाडावलेली आहेत हां! आत आयतं खायला, आयतं प्यायला. बाहेरची हवा माहीतच नाही त्यांना. एकदम उघड्यावर काढलीस तर अंगातलं पाणी उडून जाईल आणि माना टाकतील.”

“मग?”

“मग काही नाही. मुळांची जेली धुऊन काढायची, कोकोपीटमध्ये लावायची, वरून प्लास्टिकची पिशवी. थोडे दिवस झाकून ठेव, मग रोज थोडी थोडी हवा लागू दे. सोप्पंय.” आणि दारातून, एक पाय चपलेत, एक बाहेर: “फूल आलं की मी बघायला येणार. शप्पथ!”

एवढं सगळं काकांच्या कानावर पडलं, पण आत गेलं ते शेवटचं वाक्य. फूल आलं की ठकी येणार. मधल्या सगळ्या भानगडी म्हणजे त्या वाक्यापर्यंत पोचायचा रस्ता, आणि रस्ता काकांना तुडवायचाच होता. गेल्या सगळ्या वर्षांत ठकी या घरात आली ती हीच एकदा, आणि तीही चहा गार व्हायच्या आत गेली होती.

आता काकांचं काम काय, ते सांगायला हवं, कारण पुढचा घोळ त्या कामातूनच उपटला. काका बस डेपोत होते. ड्रायव्हर नाहीत, कंडक्टर नाहीत, ‘हरवले-सापडले’ खात्यात. बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, एका पायातले बूट, एकदा तर दातांची अख्खी कवळी, सगळं त्यांच्या खिडकीमागच्या फळ्यांवर यायचं. खात्याचा नियम एकच: मालक येईपर्यंत वस्तू जशी आली तशी ठेवायची. उघडायची नाही, वापरायची नाही, हलवायची नाही. काकांनी हा नियम उभा जन्म पाळला. त्यांच्या हातून एका छत्रीची काडी कधी वाकडी झाली नाही. अशा माणसाच्या हाती ठकीने सांभाळायला काही द्यावं आणि वर ‘थोडी थोडी हवा लागू दे’ म्हणावं, म्हणजे काय म्हणावं!

पण आधी कोकोपीट. हा नारळाच्या सालीचा भुसा असतो, दाबून त्याची वीट करतात. दुकानदाराने विचारलं, “किती हव्यात?” वीट हा शब्द ऐकून काकांना आपण काहीतरी बांधायला काढलंय असं वाटलं. एक वीट मागणं कसंसंच दिसेल. “पाच द्या,” ते म्हणाले. “पाच?” दुकानदाराने वर पाहिलं, “बाग केवढी आहे?” काकांनी, खोटं नको म्हणून, “डझनभर आहेत” एवढंच सांगितलं. दुकानदाराने त्याचा अर्थ डझनभर वाफे असा केला असावा, कारण त्याने पाच विटा तर दिल्याच, वर खांद्यावर हात ठेवून शुभेच्छा दिल्या.

विटा भिजवायच्या असतात हे काकांना माहीत होतं. त्या भिजल्यावर काय करतात हे नव्हतं. त्यांनी पाचही विटा बाथरूममधल्या टबात टाकल्या, पाणी सोडलं आणि चहा ठेवायला गेले. परत आले तेव्हा टब भरला होता. ते बघत होते तोवर ओसंडला. भुसा असा फुगत होता जणू त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी पाणी विचारलंय. काकांनी बादली भरली, दोन पातेली भरली, कुकर भरला, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला मोठा डबा भरला. तरी उरलेला भुसा पाण्याबरोबर मोरीच्या जाळीतून खाली गेला आणि मधेच कुठेतरी मुक्कामाला थांबला.

थोड्याच वेळात दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरच्या बाई. निवृत्त शिक्षिका, भूगोलाच्या. त्यांनाही इमारतीत नाव नव्हतं, सगळे ‘बाई’ म्हणायचे. इतकी वर्षं खाली-वर राहून काकांचं त्यांच्याशी बोलणं ‘पाणी आलं का?’ आणि ‘आलं’ यापलीकडे गेलं नव्हतं.

“काका,” बाई शांतपणे म्हणाल्या, “तुमचं बाथरूम माझ्या स्वयंपाकघरात येतंय.”

प्लंबर आला. त्याने पाईपमधून ओंजळी ओंजळीने भुसा काढला, प्रत्येक ओंजळीला काकांकडे बघितलं, आणि शेवटी विचारलं, “काका, आंघोळीला घोडा आणला होता का?” बाई खो खो हसल्या. काकांच्या प्रतिष्ठेची त्या दिवशी जी काही शिल्लक होती ती त्याच पाईपातून वाहून गेली.

रोपं मात्र लावली गेली, एकेका पेल्यात एकेक. काकांनी हात तीनदा धुतले, बाटलीचं झाकण देवाचं नाव घेऊन उघडलं, चिमट्याने एकेक रोप बाहेर काढलं, मुळांची जेली कोमट पाण्यात सोडवली. तान्ह्या बाळाला पहिली आंघोळ घालावी तसं. हे काम त्यांना फार आवडलं. घरात इतकं हळू बोलायची वेळ बऱ्याच वर्षांत आली नव्हती, आणि ते त्या रोपांशी हळूच बोलतही होते, हे आपण कोणाला सांगायला नको.

झाकायला काय? काकांच्या डोळ्यांसमोर खात्यातल्या फळीवरची पारदर्शक छत्री आली. कोणी न्यायला न आलेली, मुदत संपून लिलावाला निघालेली. बारा पेले एका छत्रीखाली राहिले असते, काचघरासारखे. त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, “खात्यातल्या माणसाला लिलावात बोली लावता येत नाही. पण छत्री तुमचीच असेल, तर ओळख पटवा आणि न्या.” आणि डोळा मारून निघून गेले. काका खिडकीच्या बाहेरच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मग आतल्या बाजूला येऊन बसले. आतल्या काकांनी बाहेरच्या काकांना विचारलं, ‘छत्री कुठल्या बसमध्ये विसरलात? काही खूण?’ बाहेरच्या काकांना सांगता येईना. आतल्यांनी दावा फेटाळला. हा माणूस स्वतःशीसुद्धा खोटं बोलू शकत नाही, मग काय होणार! शेवटी दुकानातल्या साध्या पिशव्या आणल्या आणि प्रत्येक पेल्यावर एकेक बांधली.

रोपं बाथरूममध्ये ठेवली, कारण दमट हवा तिथेच. दिवा दिवसभर चालू, कारण उजेड हवा. आणि त्यांना साबणाचे शिंतोडे नकोत म्हणून काका स्वतः डेपोतल्या ड्रायव्हर लोकांच्या न्हाणीघरात आंघोळ करायला लागले. तिथे कोणी विचारलं, “का हो काका, घरी पाणी नाही?” तर म्हणायचे, “पाणी आहे, जागा नाही.” एकट्या माणसाच्या तीन खोल्यांत जागा नाही! ऐकणारे बुचकळ्यात पडायचे, आणि काकांना उगाच बरं वाटायचं.

पण बाथरूमच्या काचेतून दिवस-दिवस उजेड दिसतोय, काका बाहेरून आंघोळ करून येतायत, हे इमारतीच्या सेक्रेटरींच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. सेक्रेटरी म्हणजे इमारतीत ताकास तूर लागू न देता सगळ्याचा वास घेणारा माणूस. ते कमिटीतल्या दोघांना घेऊन आले आणि थेट बाथरूमच्या दारात उभे राहिले. आत बारा पिशव्या, सगळ्यांना आतून घाम फुटलेला.

“काका, हे काय आहे?”

“पोरं आहेत,” काकांच्या तोंडून निघून गेलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी घाईघाईने जरबेरा, जेली, ठकी सगळं सांगितलं, पण संशय एकदा आत शिरला की तोही कोकोपीटसारखाच. “हे बघा,” सेक्रेटरी म्हणाले, “बाथरूममध्ये शेती करणं आपल्या नियमात बसत नाही.”

“शेती नाही हो, संगोपन आहे.”

“संगोपनाचा तर नियमच नाही! मग तर कमिटी बसवावी लागेल.”

कमिटी बसली. पाऊण वेळ ‘जरबेरा हे झाड की झुडूप’ यावर गेला. एकाने आपल्या मेव्हण्याची भाजीची बाग सांगितली, दुसऱ्याने लिफ्टचा विषय काढला. शेवटी ठरलं: रविवारपर्यंत रोपं बाथरूममधून हलवा.

इतकं होऊनही काकांना वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ठकीचा फोन यायचा, घाईतला, मागे बाटल्यांचा खळखळाट. “काका, हवा देतोयस ना?”

“देतोय, देतोय. हळूहळू.”

साफ खोटं. स्वतःच्या खात्यात एका छत्रीसाठी खोटं न बोललेला माणूस ठकीशी बिनदिक्कत खोटं बोलत होता. एकदा त्यांनी एका पिशवीचं तोंड जरासं सैल केलं होतं. संध्याकाळी एक पान किंचित कलल्यासारखं वाटलं. काकांनी लगेच पिशवी पुन्हा बांधली, दोन गाठी मारून, आणि कानाला खडा लावला. मालक येईपर्यंत जशी आली तशी! पण रोपं म्हणजे छत्र्या नव्हेत. बंद पिशवीत आठवड्यामागून आठवडे गेले होते, आणि आता देठांशी पांढरा, कापसासारखा बुरा धरला. एक रोप बसलं, मग दुसरं. काका मेलेल्या रोपाचा पेला उचलायचे, धुवायचे, पालथा घालायचे. रोज एक-दोन पेले पालथे. ठकीला सांगायची छाती होत नव्हती. सगळी गेली तर फूल नाही, आणि फूल नाही तर तिला इथे यायला कारणच काय उरतं? म्हाताऱ्या काकाला बघायला कोण एवढा प्रवास करतं? हे त्यांनी स्वतःशी स्पष्ट म्हणून घेतलं आणि ते बाथरूममध्ये, कोरड्या टबाच्या काठावर बराच वेळ बसून राहिले.

रविवार उजाडला तेव्हा दोन रोपं उरली होती. ती ताटात घेऊन बाथरूममधून बाहेर पडतात तोच बाई आल्या. पाईपच्या प्रकरणापासून त्या अधूनमधून येऊ लागल्या होत्या, म्हणायच्या, “छताकडे बघायची सवय लागली, म्हटलं वरही बघून यावं.”

“कुठे ठेवताय?”

“ठकीच्या खोलीत ऊन चांगलं येतं, पण...” काका अडखळले.

बाईंनी दार ढकललं. खोली ठकी सोडून गेली तशीच होती. पलंगावर चादर, चादरीवर प्लास्टिक. टेबलावर तिचा कंपास, फुटपट्टी. कोपऱ्यात तिच्या शाळेतल्या चपला, जोडीने, भिंतीला टाचा लावून. खिडकी बंद. बाईंनी त्या चपलांकडे पाहिलं. मग वर्गात विचारावं तसं म्हणाल्या, “काका, हे सामान न्यायला कोणी येणार आहे का?”

काकांनी रोज खिडकीत बसून लोकांना हाच प्रश्न विचारला होता. त्यांना कोणी कधी विचारला नव्हता. ते ताटातल्या पेल्यांकडेच बघत राहिले.

“बरं,” बाईंनी विषय बदलला, “एक माझ्याकडे द्या. दोघं एका जागी मरायला नकोत.”

काकांनी दिलं. दिलं म्हणजे काय, दहा सूचना देऊन, जिन्यात दोनदा हाक मारून. दुसरं स्वतःकडे ठेवलं, स्वयंपाकघरात, पिशवीला तीन गाठी मारून. ते थोड्याच दिवसांत गेलं. काकांनी शेवटचा पेला पालथा घातला आणि खाली बाईंकडे गेले, काय ऐकायला मिळणार याची तयारी करून.

बाईंच्या खिडकीत पेला होता. रोप चांगलं तरारलं होतं, पानं जाड, गडद, दोन नवीन. आणि वरची पिशवी? तिची चाळण झालेली.

“बाई! हे काय केलंत?”

“रागावू नका,” बाई ओशाळल्या. “ते झाकलेलं बघून माझाच जीव गुदमरायचा. म्हणून विणायच्या सुईने एक भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी आठवेना, काल पाडलं की नाही. म्हटलं राहिलं असेल, म्हणून पाडलं. मग रोजच आठवेना. या विसराळूपणापायी शाळेत एकदा एकाच वर्गाला एकच नकाशा सलग आठवडाभर शिकवला होता मी.”

काका पिशवीकडे बघत राहिले. रोज एक भोक. रोज थोडी हवा. ठकीने शब्द न शब्द हेच सांगितलं होतं, आणि ते पाळलं कोणी, तर ज्यांना काल काय केलं ते आज आठवत नाही त्या बाईंनी! काका आधी चिडले, मग खुर्चीत बसले, मग त्यांना हसू फुटलं. इतकं हसले की बाईंनी पाणी आणून दिलं. पिशवीची उरलेली चिंधी काकांनी स्वतःच्या हाताने काढली. रोपाने मान टाकली नाही.

घरी गेल्यावर त्यांनी ठकीच्या पलंगावरचं प्लास्टिक काढलं आणि खिडकी उघडली. खिडकी कुरकुरली, पण उघडली.

रोप कोणाचं यावर वाद झाला. काका म्हणाले बाईंचं, बाई म्हणाल्या काकांचं. म्हणून ते दोघांच्या मधे, जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत ठेवलं. सेक्रेटरींनी जिन्यात अडथळा नको म्हणून हरकत घेतली, आणि चार दिवसांनी तेच तिथे वाकून “काका, हे कोरडं दिसतंय, पाणी कोणाकडे आहे?” असं विचारताना सापडले.

काही महिन्यांनी कळी आली. मग फूल. केशरी, बशीएवढं. काकांनी फोन केला. ठकी किंचाळली, “रविवारी येते!”

काकांनी रविवारी दाढी केली, दूध जास्त घेतलं, आणि घर सोडलं नाही. दुपारी निरोप आला: काम निघालं, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारीही काका दाराकडे कान लावून बसले. त्याच्या पुढच्याही. या काळात दूध बरंच नासलं. फूल मात्र बिचारं उभं राहिलं, जमेल तितके दिवस. मग त्याच्या कडा सुरकुतल्या आणि देठ खाली वाकला.

“चला,” एका रविवारी बाई म्हणाल्या, “पेला लहान पडतोय त्याला. नर्सरीतून कुंडी आणू.”

“मी नाही. ठकी आली तर?”

“आली तर जिन्यात बसेल. हातापायांनी धड आहे ना?”

काका ‘नको, नको’ म्हणत चपला घालायला लागले. नर्सरीत बाईंनी प्रत्येक कुंडीवर बोट वाजवून पाहिलं, काकांनी कोकोपीटच्या विटेकडे पाठ फिरवली, येताना दोघांनी बाकावर बसून चहा घेतला. बाई पैसे देऊन झाल्यावर विसरल्या आणि पुन्हा द्यायला निघाल्या. उशीर झाला. काकांना उशिराची आठवणही झाली नाही.

परत आले तर जिन्याच्या वळणावर, त्या पेल्याशेजारी, ठकी बसलेली.

“काका! तू घरी नव्हतास?” तिचा चेहरा असा, जणू सूर्य पश्चिमेला उगवला. “मी आले आणि तू नाहीस, असं कधी झालंच नाही! किती वेळ बसलेय मी. ते सेक्रेटरीकाका चहा देऊन गेले, वर फूल केवढं होतं ते हातांनी दाखवून गेले. मला आता जायची बस आहे.”

“बाहेर गेलो होतो,” काका म्हणाले. त्यांनी हे वाक्य दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा काही गरज नव्हती, पण बरं वाटलं.

तिने सुकलेलं फूल पाहिलं, पानं उलटून पाहिली, तळाशी लपलेली नवी कळी शोधून दाखवली. “काका, मस्त जमलंय रे! हवा कशी दिलीस?”

“ते बाईंना विचार,” काका म्हणाले. “त्यांना आठवलं तर.”

ते तिला बसपर्यंत पोचवायला गेले. वाटेत तिने प्रयोगशाळेतलं सगळं सांगितलं, आणि काकांना त्यातलं अर्धंही कळलं नाही, कारण ते तिच्या चालण्याकडे बघत होते. केवढी उंच झाली होती. बसच्या पायरीवरून ती ओरडली, “काका, पुढच्या रविवारी नक्की येते!”

“ये की,” काका म्हणाले. “पण आधी फोन कर. मी घरी असेनच असं नाही.”

ठकी आ वासून बघतच राहिली आणि दार बंद झालं. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत काका हात हलवत राहिले, आणि त्यानंतरही थोडा वेळ. मग हात खाली घेऊन एकटेच घराकडे निघाले. आता पुढच्या रविवारी कुठेतरी जाणं भाग होतं.